गाठीत सोडलेला परजीवी नेमकं काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी सुरू आहे. मांजरांतून पसरणारा एक परजीवी कॅन्सरच्या गाठी नाहीशा करतो, असं मुलीच्या वाचनात आलं. मलेरिया मुद्दाम देऊन कॅन्सर बरा करतात, असंही कोणी सांगितलं. त्यात एका नातेवाइकाने जंतांच्या गोळ्या आणून ठेवल्यात, त्या घेतल्या की कॅन्सर जातो म्हणे. मग परजीवी अंगात असलेला बरा की नसलेला?

या दोन्ही गोष्टी एकाच घरात ऐकायला मिळतात, हे ओपीडीत मी नेहमी बघतो. परजीवी कॅन्सर बरा करतो हेही व्हायरल आणि परजीवी मारला की कॅन्सर बरा होतो हेही व्हायरल! पहिल्या दाव्यामागे खरोखरच चांगलं, मेहनतीचं विज्ञान आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. गोळ्यांचं शेवटी बघू.

आधी गाठीच्या आत काय चालतं ते समजून घ्या. लोकांना वाटतं, प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून कॅन्सर झाला. बायॉप्सीची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर चित्र वेगळं दिसतं. कॅन्सरच्या पेशींच्या अधेमधे आपल्याच पांढऱ्या पेशी भरपूर असतात. शत्रूला गिळणारे मॅक्रोफेज असतात, प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या टी पेशींना शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी असतात, काही टी पेशीसुद्धा असतात. फौज हजर असते, पण फितूर झालेली असते. गाठ अशी रसायनं सोडते की मॅक्रोफेज मारायचं सोडून गाठीला नव्या रक्तवाहिन्या पुरवायला लागतात, डेंड्रायटिक पेशी अर्धवट झोपेत राहतात आणि टी पेशींना हल्ल्याचा हुकूम मिळतच नाही. वडिलांना जे इम्युनोथेरपीचं औषध चालू आहे, ते बहुधा पीडी-१ किंवा पीडी-एल१ नावाचा टी पेशींवरचा ब्रेक काढणारं असेल. असे ब्रेक शोधून काढण्यासाठीच जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अडचण अशी की ब्रेक काढला तरी गाडी सुरूच झालेली नसेल, तर ती हलत नाही. अनेक रुग्णांना या औषधांचा फायदा होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता प्रश्न उरतो गाडी सुरू कशी करायची हा. इथे जंतुसंसर्ग चित्रात येतो, आणि ही कल्पना आजची नाही. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम स्ट्रेप्टोकोकस जिवाणू टोचले, कारण तशा संसर्गानंतर सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचा कॅन्सर) ओसरल्याची एक जुनी नोंद त्यांना सापडली होती. क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडून तिथला वरवरचा कॅन्सर आटोक्यात ठेवता येतो, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आज तो सर्रास वापरला जाणारा उपचार आहे. कमजोर केलेला जिवंत जंतू कॅन्सरविरुद्ध वापरणं म्हणजे जादूटोणा नव्हे, हे सांगायला बीसीजीचं एवढं एकच उदाहरण मला पुरतं.

परजीवींच्या बाबतीत पहिला भक्कम धागा १९७१ चा. जॉन हिब्ज, लॅम्बर्ट आणि रेमिंग्टन या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय या एकपेशीय परजीवीचा दीर्घकाळ संसर्ग असलेल्या उंदरांत गाठी सहज रुजत नाहीत. पुढे कळलं, की अशा उंदरांचे मॅक्रोफेज काढून काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींबरोबर ठेवले तर ते त्यांना मारतात. म्हणजे परजीवी स्वतः गाठीला हातही लावत नव्हता. त्याने फक्त मॅक्रोफेज चेतवले होते.

टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे तोच मांजरांतून पसरणारा परजीवी. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या शरीरात तो कधी ना कधी शिरलेला असतो, आणि निरोगी माणसाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. पण गर्भारपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात तो मेंदूत डोकं वर काढतो. असला जंतू कॅन्सरच्या रुग्णाला टोचायचा कसा? अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये डेव्हिड ब्झिक आणि बार्बरा फॉक्स यांनी यावर जो तोडगा काढला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

परजीवीला स्वतःचा डीएनए बनवायला पिरिमिडीन नावाचे घटक लागतात. ते तयार करणाऱ्या साखळीतलं पहिलंच एन्झाइम, कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज, त्यांनी जनुक तोडून बंद पाडलं. २००२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. या पांगळ्या परजीवीला बाहेरून युरॅसिल हे पिरिमिडीन दिलं तरच तो वाढतो. प्रयोगशाळेत पोषकद्रवात युरॅसिल घालून त्याची हवी तेवढी पैदास करता येते, पण प्राण्याच्या शरीरात त्याला पुरेसं युरॅसिल मिळत नाही. तो पेशीत शिरतो, नेहमीप्रमाणे स्वतःभोवती पापुद्र्याची पिशवी बांधून घेतो, आपली प्रथिनं यजमान पेशीत सोडतो आणि तिथेच अडकून पडतो. एकाचे दोन होत नाहीत. टॉक्सोप्लाझ्माशी लढायला इंटरफेरॉन गॅमा हे सर्वांत महत्त्वाचं शस्त्र. ते जन्मतःच नसलेल्या उंदरांनासुद्धा या वाणाने मारलं नाही.

२०१३ मध्ये याच गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाण उंदरांच्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) गाठीत थेट टोचला. गाठी आक्रसल्या, आणि बऱ्या झालेल्या उंदरांना तोच कॅन्सर पुन्हा दिला तेव्हा तो रुजला नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही, पोटाच्या पोकळीत सोडलेल्या याच परजीवीने उंदरांचं आयुष्य वाढवलं. त्यात एक बारकावा आहे, जो बातम्यांमधून नेहमी गळतो. परजीवी कॅन्सरच्या पेशींपेक्षा गाठीतल्या फितूर डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज यांच्यात जास्त शिरत होता. आत शिरला की त्या पेशी खडबडून जाग्या व्हायच्या, पृष्ठभागावर टी पेशींना भिडण्यासाठी लागणारे रेणू आणायच्या, इंटरल्यूकिन-१२ हे इतर पेशींना चेतवणारं रसायन सोडायच्या. त्यातून नैसर्गिक मारक पेशी आणि सीडी८ टी पेशी कामाला लागायच्या, इंटरफेरॉन गॅमा वाढायचं आणि गाठीवर खरा हल्ला व्हायचा तो या टी पेशींकडून. म्हणूनच तर दुसऱ्यांदा दिलेला कॅन्सर त्यांनी ओळखला.

यासाठी परजीवी जिवंत लागतो आणि पेशीत शिरावा लागतो. २०१६ मध्ये फॉक्स आणि ब्झिक यांनी आणखी खोलात जाऊन परजीवी जी प्रथिनं पेशीत सोडतो त्यातली एकेक काढून टाकली, तर काही ठरावीक प्रथिनं नसताना परिणाम नाहीसा झाला. कोट्यवधी वर्षं पेशींच्या आत राहून राहून या जंतूने त्यांचं अंतर्गत यंत्र कसं फिरवायचं हे साध्य केलंय. एरवी ते स्वतःच्या फायद्यासाठी, इथे आपल्या.

तुमच्या वडिलांच्या आजाराच्या जवळचं काम २०२१ चं आहे. चीन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी जीआरए१७ हे जनुक काढलेला कमजोर टॉक्सोप्लाझ्मा घेतला आणि त्याला पीडी-एल१ रोखणाऱ्या अँटिबॉडीची जोड दिली. उंदरांचा मेलानोमा, आतड्याचा कॅन्सर आणि फुफ्फुसाचा कॅन्सर अशा तीन प्रकारांत दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त परिणाम दिसला. सुई एका गाठीत टोचली तरी दुसरीकडची, न टोचलेली गाठसुद्धा लहान झाली. एकाने गाडी सुरू केली, दुसऱ्याने ब्रेक काढला.

हे वाचून कोणालाही वाटेल, मग अडलंय कुठे? एक मोठं अडलंय ते उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकात. उंदराच्या पेशींत टीएलआर११ आणि टीएलआर१२ असे दोन संवेदक असतात. टॉक्सोप्लाझ्माचं प्रोफिलिन नावाचं प्रथिन ते तत्काळ ओळखतात, आणि इंटरल्यूकिन-१२ चा पूर येतो. माणसात टीएलआर११ चं जनुक मोडक्या, निकामी अवस्थेत आहे आणि टीएलआर१२ तर नाहीच. आपण हा परजीवी वेगळ्या वाटेने ओळखतो. त्यामुळे उंदरात वाजलेली धोक्याची घंटा माणसात तेवढ्याच जोरात वाजेल असं धरून चालता येत नाही. उंदरांच्या गाठी आठवड्याभरात वाढवलेल्या असतात, माणसाची गाठ वर्षानुवर्षं प्रतिकारशक्तीला चकवत वाढलेली असते, हा आणखी एक फरक. परजीवीचा कोणताही उपचार आज मान्यताप्राप्त नाही. गाठीत टोचायचा जिवंत जंतू मात्र वापरात आहे: २०१५ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालेला बदललेला हर्पिस विषाणू. म्हणजे रस्ता खुला आहे, पण परजीवी अजून त्या नाक्यापर्यंत आलेला नाही.

मलेरियाकडे वळू. ताप देऊन रोग बरा करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅन्सरचं नाही, मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसचं. व्हिएन्नाच्या युलियस वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये अशा रुग्णांना मलेरियाचं रक्त टोचलं, तापाच्या लाटा येऊ दिल्या आणि मग क्विनाइनने मलेरिया उतरवला. १९२७ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पेनिसिलिन येईपर्यंत हा उपचार चालला, आणि काही रुग्ण मलेरियानेच दगावले. कॅन्सरसाठी हीच कल्पना चीनमधल्या ग्वांगजौ इथले शिआओपिंग चेन यांनी पुढे नेली. २०११ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मलेरियामुळे गाठींची वाढ मंदावल्याचं दाखवलं आणि नंतर बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना व्हायवॅक्स या प्रकारचा मलेरिया टोचून चाचण्या सुरू केल्या. २०१९ मध्ये सुरुवातीच्या काही रुग्णांची हकीकत एका भाषणातून बाहेर आली आणि वणव्यासारखी पसरली. रुग्ण मोजके होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. एवढ्यावर माझ्या रुग्णाला मी मलेरियाच्या जवळपासही फिरकू देणार नाही. त्यातून मलेरियाचाच दुसरा प्रकार, फाल्सिपॅरमचा, आफ्रिकेतल्या लहान मुलांमध्ये एप्स्टाइन-बार विषाणूच्या जोडीने बर्किट लिम्फोमा हा कॅन्सर व्हायला हातभार लावतो.

मलेरियातलं मला जास्त आशादायक वाटणारं काम वेगळंच आहे, आणि त्यात कोणाला ताप येत नाही. गर्भवतीला फाल्सिपॅरम मलेरिया झाला की परजीवी असलेल्या तांबड्या पेशी वारेला (प्लासेंटाला) चिकटून बसतात. त्यासाठी परजीवी व्हीएआर२सीएसए हे प्रथिन वापरतो. ते वारेवरच्या एका खास शर्करासाखळीला पकडतं. कोपनहेगनचे अली सलांती आणि व्हँकुव्हरचे मॅड्स डाउगार्ड यांच्या गटांनी २०१५ मध्ये दाखवलं, की नेमकी तीच शर्करासाखळी बहुसंख्य कॅन्सर पेशींवरही असते. वार आणि गाठ दोन्ही झपाट्याने वाढतात, आजूबाजूच्या ऊतींत घुसतात, स्वतःसाठी रक्त ओढून घेतात. त्यामुळे हे साम्य अगदीच आश्चर्याचं नाही. त्या प्रथिनाला विष जोडून उंदरांना दिल्यावर ते गाठीपर्यंत पोचलं आणि गाठी लहान झाल्या. परजीवी बाजूला ठेवून त्याचं फक्त एक हत्यार उचलायचं, असा हा विचार.

चागास रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रुझी या परजीवीचं प्रकरण तर राजकारणातच गेलं. सोव्हिएत संघात ग्रिगोरी रोस्किन आणि नीना क्ल्युयेवा यांनी त्याच्या अर्कापासून कॅन्सरचं औषध बनवल्याचा दावा केला. १९४६ मध्ये त्याची माहिती अमेरिकनांकडे गेली, आणि १९४७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने या दोघांना ‘सन्मान न्यायालया’समोर उभं केलं. वैद्यक अकादमीचे सचिव वासिली पारिन यांना तर तुरुंगवास घडला. पुढे ते औषध विस्मृतीत गेलं. अनेक दशकांनी चिलीतल्या संशोधकांनी याच परजीवीच्या कॅलरेटिक्युलिन या प्रथिनामुळे उंदरांच्या गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटणं कमी होतं हे दाखवलं, तेव्हा मूळ कल्पनेत काहीतरी होतं असं म्हणायला जागा झाली.

आता जंत. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण ‘परजीवी’ या एका नावाखाली लोक सगळं एकत्र करतात. टॉक्सोप्लाझ्मा पेशीच्या आत राहतो, आणि त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देतं तीच साधारण कॅन्सरविरुद्ध उपयोगी पडते. जंत हा पेशीपेक्षा प्रचंड मोठा प्राणी. त्याच्याविरुद्ध शरीर वेगळी फळी उभी करतं: इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, आयजीई ही अँटिबॉडी, ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. शिवाय जंताला आतड्यात वर्षानुवर्षं राहायचं असतं, म्हणून तो यजमानाची प्रतिकारशक्ती थंड करत नेतो. गाठीलाही नेमकं हेच हवं असतं. उंदरांच्या एका आतड्याच्या कृमीने कोलायटिसमधून (मोठ्या आतड्याच्या दाहातून) होणारा मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढवल्याचं २०१७ च्या प्रयोगात दिसलं. ट्रायकिनेलासारख्या काही कृमींनी उंदरांत गाठी रोखल्याच्या नोंदीही आहेत, पण त्यावरून आपल्या पोटातले जंत राखून ठेवावेत असं काही निघत नाही.

उलट तीन कृमी माणसात कॅन्सर घडवतात हे पक्कं ठरलेलं आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते तंबाखूसोबत पहिल्याच, म्हणजे कॅन्सर नक्की घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात आहेत. शिस्टोसोमा हिमॅटोबियमची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात, दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो आणि त्यातून मूत्राशयाचा कॅन्सर होतो. ओपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस हे यकृतातले चपटे कृमी गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाण्यातून येतात आणि पित्तनलिकांचा कॅन्सर घडवतात. ईशान्य थायलंड त्याचं जगातलं सर्वांत मोठं केंद्र. ओपिस्थॉर्किस तर पेशी वाढवणारं ग्रॅन्युलिन नावाचं प्रथिनच स्रवतो. टॉक्सोप्लाझ्मालाही निर्दोष म्हणवत नाही: २०२१ च्या एका अभ्यासात त्याच्या अँटिबॉडी असलेल्यांमध्ये ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचं प्रमाण जास्त आढळलं. कारण सिद्ध झालेलं नाही, पण नैसर्गिक संसर्ग आणि प्रयोगशाळेतला पांगळा वाण यांची गल्लत करू नये, यासाठी ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जाता जाता एक विलक्षण नोंद. २०१५ मध्ये कोलंबियातल्या एका एचआयव्हीग्रस्त रुग्णाच्या फुफ्फुसांत आणि लसिकाग्रंथींत कॅन्सरसारख्या गाठी सापडल्या, पण पेशी माणसाच्या मानाने फारच लहान. डीएनए तपासला तर त्या हायमेनोलेपिस नाना या पट्टकृमीच्या निघाल्या. कृमीच्याच पेशी बेबंद होऊन माणसाच्या अंगात पसरल्या होत्या.

आता गोळ्यांचं. आयव्हरमेक्टिन, मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं काचेच्या बशीत कॅन्सर पेशी मारतात हे खरं आहे. बशीत वापरलेली मात्रा बऱ्याचदा इतकी मोठी असते, की गोळी गिळून रक्तात ती गाठता येत नाही. माणसाचा कॅन्सर यांनी बरा होतो असं दाखवणारी चाचणी नाही. फेनबेंडाझोल तर जनावरांचं औषध आहे. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू असलेल्या, फुफ्फुसाचाच कॅन्सर असलेल्या एका जपानी महिलेने समाजमाध्यमांवर वाचून ते स्वतःच सुरू केलं आणि यकृताला इजा झाली. औषध बंद केल्यावर ती सुधारली. यातला खरा घोळ असा, की इम्युनोथेरपीमुळेही यकृताला सूज येते. यकृताचे एन्झाइम वाढले की डॉक्टर आधी इम्युनोथेरपीकडे बोट दाखवतो, ती थांबवतो, कदाचित स्टेरॉइड चालू करतो. लपवलेल्या गोळीपायी चालू असलेला उपचार हातचा जातो.

याचा अर्थ जंतांकडे दुर्लक्ष करा असाही नाही. कॅन्सरच्या रुग्णात एक कृमी मी कधीच हलका घेत नाही, तो म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस. दूषित मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून तो शिरतो आणि आतल्या आत स्वतःची पैदास करत दशकानुदशकं गुपचूप राहतो. केमो किंवा उलटीसाठी, सुजेसाठी दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं, की त्याच्या अळ्या लाखोंनी आतड्याबाहेर पडतात, आतड्यातले जिवाणू सोबत रक्तात नेतात, आणि रुग्ण जिवावरच्या संसर्गात सापडतो. रक्ताच्या सीबीसी तपासणीच्या रिपोर्टात इओसिनोफिल वाढलेले दिसले तर तो दुवा असतो, पण ते साधारण असले म्हणून सुटलो असं नसतं. संशय असेल तर स्टेरॉइडच्या आधी रक्ताची अँटिबॉडी तपासणी आणि आयव्हरमेक्टिनचा नीट ठरवलेला डोस द्यावा लागतो. आयव्हरमेक्टिनची कॅन्सर वॉर्डातली खरी जागा ही आहे.

आणि ताप. ताप आला म्हणजे प्रतिकारशक्ती जागी झाली, येऊ द्या, असं समजून घरी बसू नका. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप ही तातडीची बाब असते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. नुसती इम्युनोथेरपी चालू असली तरी त्याच दिवशी फोन करून विचारा.

वडिलांनी त्या आणलेल्या गोळ्यांपैकी एखादी आधीच घेतली असेल तर कोणती, किती आणि कधीपासून, हे पुढच्या सलाइनच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट त्याच वेळी करून घ्या.